ते वाक्य त्याला परत द्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मुलगा १३ वर्षांचा. तिसरीपासून वह्यांच्या मागच्या पानांवर गोष्टी लिहितो. बऱ्याचशा गोष्टी तो खेळतो त्या व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या. गेल्या वर्षी त्याचे आजोबा, म्हणजे पत्रलेखकाचे वडील, गेले. मुलाने त्यांच्यावर दीड पान लिहिलं. ते एका लेखन स्पर्धेला पाठवायचं ठरलं, तेव्हा वडिलांनी त्यावरून ‘जरा हात फिरवला’. शुद्धलेखन सुधारलं, सुरुवात बदलली, शेवट नव्याने लिहिला. लेखाला पहिलं बक्षीस मिळालं. समारंभात मुलाने तो मंचावरून वाचून दाखवला आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाला, “टाळ्या तुमच्या वाक्याला पडल्या, बाबा.” त्याला आता पाच महिने झाले. त्यानंतर त्याने एक ओळ लिहिलेली नाही. वडील विचारतात: हा आळस की यशाचं दडपण? त्याला लेखन कार्यशाळेत घालावं का? पुन्हा माझा हात लागू नये म्हणून पुढच्या वेळी सुधारणा एआयकडून करून घेतल्या तर? आणि पुढच्या स्पर्धेची मुदत महिनाअखेर संपते आहे, त्याचं नाव देऊ का?

नमस्कार.

मुलाने लिहिलेली दोन वाक्यं आणि त्यांच्या जागी तुम्ही घातलेलं वाक्य, दोन्ही तुम्ही पत्रात प्रामाणिकपणे उतरवून पाठवलीत. तुम्ही ती पाठवली नसती तर मला या पत्राला चार सर्वसाधारण सल्ल्यांपलीकडे काही देता आलं नसतं. ती इथे छापण्याआधी मुलाला विचारा, असं मी तुम्हाला कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: “छापा. पण माझं आहे तसंच छापा.” म्हणून आहे तसंच छापते आहे.

त्याने लिहिलं होतं: “आजोबांचा चश्मा अजून रेडिओवर आहे. आम्ही रेडिओ लावतो पण चश्मा उचलत नाही.”

तुम्ही केलंत: “आजोबांच्या जाण्याने आमच्या जीवनात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.”

आता ही दोन्ही वाक्यं जरा शांतपणे शेजारी शेजारी ठेवून बघा. मुलाच्या वाक्यात दुःख हा शब्द नाही, आठवण हा शब्द नाही. एक रेडिओ आहे, त्यावर चष्मा आहे. घरातलं प्रत्येक माणूस त्या रेडिओपाशी जातं, बटण फिरवतं आणि चष्म्याला धक्का न लावता हात मागे घेतं. असं करायचं हे कोणी कोणाला सांगितलेलं नसणार. कोणी त्याबद्दल बोललेलंही नसणार. ते त्या मुलाने पाहिलं, मनात ठेवलं आणि सगळ्या घराचं मिळून जे चाललं होतं ते ‘आम्ही’ या एका शब्दात आणलं. १३ व्या वर्षी. आणि तुमचं वाक्य? ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण ते कोणत्याही घरातल्या कोणत्याही गेलेल्या माणसाबद्दल लिहिता येतं. त्यात तुमचे वडील कुठे आहेत?

तुम्ही म्हणता, “विचार त्याचेच होते, मी फक्त भाषा सुधारली.” मुलांचं लेखन तपासणारी बहुतेक मोठी माणसं मनापासून असंच मानतात. विचार म्हणजे आतला माल आणि भाषा म्हणजे वरचं वेष्टन, तेव्हा वेष्टन बदललं तरी माल तोच, अशी आपली समजूत असते. पत्रव्यवहारात किंवा अर्जात ती बऱ्याच अंशी चालून जाते. कथा, कविता, आठवण यांच्यात ती चालत नाही. तिथे वाक्य हाच विचार असतो. चष्मा काढून पोकळी घातली, तेव्हा भाषा सुधारली नाही. त्या मुलाने जे पाहिलं होतं ते पानावरून गेलं.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हे वाचून तुम्हाला वाईट वाटत असणार. गेले ते तुमचे वडील होते. रेडिओवरचा चष्मा रोज तुम्हालाही दिसत असणार. मुलाचं वाक्य वाचताना ते तुम्हाला सोसवलं नसेल आणि म्हणून हात आपोआप एका ओळखीच्या, सगळ्यांच्या वापरातल्या, सुरक्षित वाक्याकडे गेला असेल, अशी शक्यता मला वाटते. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण बरोबर असेल, तर ही गोष्ट तुमच्या मुलाला कळणं फार मोलाचं आहे. ‘माझं वाक्य वाईट होतं म्हणून बाबांनी बदललं’ आणि ‘माझं वाक्य बाबांना झेपलं नाही म्हणून त्यांनी बदललं’ या दोन गोष्टींत लिहिणाऱ्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न: आळस की दडपण? मला यातलं काहीच दिसत नाही. मुलाने सरळ हिशेब मांडला आहे. मी लिहिलं ते बदलावं लागलं. बदललेलं होतं त्याला बक्षीस मिळालं. म्हणजे जिंकतं ते माझं नसतं आणि माझं असतं ते जिंकत नाही. मग लिहायचं कशाला? त्यातून तो प्रामाणिक आहे. नको असलेलं श्रेय त्याला टोचतं आहे. टाळ्यांबद्दल तो जे बोलला ते टोमण्यासारखं वाटलं, असं तुम्ही लिहिता. मला त्यात टोमणा ऐकू येत नाही. त्याने तुम्हाला सत्य सांगितलं आणि तुम्ही त्यावर काय म्हणता याची तो वाट पाहतो आहे. पाच महिने.

बक्षीस मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा बालवाडीतल्या मुलांवरचा एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. मुलं चित्रं काढण्यात मुळातच रमणारी होती. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षीस कबूल केलेली मुलं चित्रांकडे बरीच कमी वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. पुढे १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी लेखनाची आवड असलेल्या ७२ जणांकडून प्रत्येकी दोन छोट्या कविता लिहून घेतल्या. एका गटाला दुसरी कविता लिहिण्याआधी फक्त एक यादी देऊन ती क्रमाने लावायला सांगितली. नाव होईल, पैसा मिळेल, शिक्षक खूश होतील, अशी लिहिण्याची कारणं त्या यादीत होती. या गटाच्या कविता परीक्षक कवींना इतरांपेक्षा फिक्या वाटल्या. कोणी त्यांना धाक घातला नव्हता, बक्षीसही लावलं नव्हतं. लिहिताना नजर कुठे आहे, पानाकडे की पानापलीकडच्या माणसाकडे, एवढाच काय तो फरक पडला होता.

तुमच्या घरात ती नजर पाच महिन्यांपूर्वी वळली. ती परत पानाकडे कशी वळेल, हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट: माफी मागा, आणि ती नेमकी मागा. “माझं काही चुकलं असेल तर” अशी माफी मुलांना लगेच कळते आणि ती त्यांना नको असते. मूळ दीड पान तुमच्याकडे आहे असं तुम्ही लिहिलं आहे. ते काढा. त्यावर तुमच्या खुणा असतील तर असू द्या, लपवू नका. त्याला साधारण असं सांगा: “तुझं चष्म्याचं वाक्य मी काढलं. ते या लेखातलं सगळ्यात खरं वाक्य होतं. मी काढायला नको होतं. हे तुझं पान.” तुम्हाला ते वाक्य सोसवलं नव्हतं हे खरं असेल, तर तेही सांगा. मग गप्प बसा. “तर आता लिहिशील ना?” हे त्या संभाषणात येऊ देऊ नका. ते आलं, की माफी हा सौदा होतो.

कपाटावर ठेवलेल्या त्या बक्षिसाच्या प्रशस्तिपत्रकाचं काय करायचं, तेही त्यालाच विचारा. ते काढून ठेवायचं असेल तर काढू द्या. आयोजकांना खरं कळवावं असं त्याला वाटत असेल, तर ते पत्र तुम्ही लिहायचं आणि सही तुम्ही करायची, कारण चूक तुमची आहे. कळवायचं नसेल तर त्याच्यावर सत्यवचनाचा धडा लादू नका. पण विचारल्याशिवाय राहू नका. कदाचित गेले पाच महिने तो त्या चौकटीकडे बघून रोज थोडा थोडा अवघडतो आहे.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण हे पत्र तुमचं असलं तरी हा प्रश्न अनेक घरांत आहे: मुलाने लिहिलेलं वाचायचं कसं?

मी काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मुलांचा लेखनगट चालवला. त्यात माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. एका मुलीने वहीत लिहिलेलं मला इतकं आवडलं, की मी ते तिथल्या तिथे सगळ्यांना वाचून दाखवलं. तिला विचारलं नाही. मी कौतुकच करत होते, तेव्हा विचारायचं काय, असं मला वाटलं. ती खाली बघत बसली आणि पुढच्या आठवड्यापासून आली नाही. तिने ते माझ्यासाठी लिहिलं होतं, गटासाठी नाही. मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते. वही ज्याची, ती उघडायची की नाही आणि कोणापुढे उघडायची, हे त्याने ठरवायचं. आई-वडिलांनाही तो नियम लागू आहे. दप्तर आवरताना वही हाती लागली तरी.

मुलाने आपण होऊन वाचायला दिलं, तर ‘छान’ म्हणून परत करू नका. ‘छान’ या शब्दात वाचल्याची खूण नसते. तुम्ही नेमके कुठे थांबलात ते सांगा: “इथे मला तो रेडिओ दिसला.” कुठे हरवलात ते सांगा: “हा माणूस खोलीत कधी आला ते मला कळलं नाही.” आणि पुढे काय जाणून घ्यायला आवडेल ते विचारा: “रेडिओवर काय लागलेलं असायचं?” बस. हे ‘असं कर’ म्हणणं नाही, हे एका वाचकाचं वाचणं आहे. त्यातून मुलाला काय बदलावंसं वाटतं ते त्याचं त्याला ठरवू द्या. बऱ्याचदा तो काही बदलणार नाही. चालेल. हातात पेन घेऊन मात्र वाचायला बसू नका. पेन हातात असलं, की डोळे चुका शोधायला लागतात, मग कितीही ठरवलेलं असो.

मग शुद्धलेखन सोडूनच द्यायचं का? नाही. पण त्याची वेळ सगळ्यात शेवटी येते. मुलगा अजून काय सांगायचं ते शोधत असताना ऱ्हस्व-दीर्घ दाखवलं, तर तो सोपे शब्द निवडायला लागतो, ज्यांत चुकण्याची भीती नाही असे. चश्मा की चष्मा, याची धास्ती घेतलेला मुलगा चष्म्याबद्दल लिहिणारच नाही. लेखन पूर्ण झालं, ते बाहेर जाणार हे त्याने ठरवलं, की मग “बाहेर जाण्याआधी शुद्धलेखन एकदा बघूया का?” असं विचारा. चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलने बारीक रेघ द्या आणि शब्द त्याला शोधू द्या. वाक्य लांबलचक वाटतं, शेवट जमलेला नाही, हे शुद्धलेखनात येत नाही. तिथे पेन्सिल उचलायची नाही.

या बाबतीत एका वडिलांबद्दल सांगावंसं वाटतं. जेन ऑस्टिन ही इंग्रजीतली मोठी कादंबरीकार. ती साधारण ११-१२ वर्षांची असल्यापासून १७ वर्षांची होईपर्यंत तिने लिहिलेल्या गोष्टी तीन वह्यांमध्ये उतरवून ठेवलेल्या आहेत. दुसऱ्या वहीवर तिने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे, की ही वही वडिलांनी भेट दिली. तिसऱ्या वहीत वडिलांनी, जॉर्ज ऑस्टिन यांनी, स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, की एका अगदी तरुण मुलीच्या कल्पनेच्या या भराऱ्या आहेत, संपूर्ण नव्या शैलीतल्या गोष्टी. हे जॉर्ज घरी मुलांना शिकवणी देत असत, म्हणजे चुका काढणं हे त्यांचं रोजचं काम होतं. तरी दुसऱ्या वहीतल्या एका गोष्टीच्या शीर्षकात १४ वर्षांच्या जेनने ‘फ्रेंडशिप’चं स्पेलिंग चुकवलं आहे, दोन अक्षरं उलटसुलट. ते तसंच राहिलं. १७९० साली लिहिलेली ती गोष्ट १९२२ मध्ये पहिल्यांदा छापली गेली आणि आजही त्या चुकलेल्या स्पेलिंगसकटच छापली जाते. त्या गोष्टी घरात मोठ्याने वाचल्या जायच्या, घरातल्या माणसांना अर्पण केलेल्या असायच्या. वडिलांनी वही दिली, वाचली आणि तिच्यावर दोन कौतुकाच्या ओळी लिहिल्या. मला वाटतं, वडिलांनी काय करावं याचं याहून नेमकं उदाहरण मला देता येणार नाही.

गेममधल्या पात्रांवरच्या गोष्टींबद्दल तुम्ही लिहिता, “ती नक्कलच असते, स्वतःचं असं काही नाही.” इथे मी तुमच्याशी ठामपणे असहमत आहे. तुमच्या पत्रातली सगळ्यात आशादायक गोष्ट मला हीच वाटली. तयार जग, तयार पात्रं हाती असली, की मुलाला फक्त एकच गोष्ट करावी लागते: पुढे काय होतं ते ठरवायचं. तरुण लेखकाचा मोठा सराव याच पायरीवर होतो. १८२६ मध्ये, पुढे इंग्रजीतल्या नामवंत कादंबरीकार झालेल्या ब्राँटे बहिणींच्या घरी, वडिलांनी मुलासाठी लाकडी सैनिकांचा संच आणला. चौघा भावंडांनी ते सैनिक वाटून घेतले. शार्लटने आपल्या सैनिकाला वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाव दिलं, भाऊ ब्रॅनवेलने आपल्या सैनिकाला नेपोलियन बोनापार्टचं. दोन्ही नावं वर्तमानपत्रांतून उचललेली. मग त्यांचं एक राज्य झालं, शहर झालं, युद्धं झाली आणि ते सगळं काडेपेटीच्या आकाराच्या इवल्या वह्यांमध्ये, खऱ्या मासिकाची नक्कल करत, सूक्ष्म अक्षरांत लिहिलं गेलं. मोठ्यांना सहज वाचता येऊ नये इतकी ती अक्षरं बारीक आहेत. सैनिक घरी आले तेव्हा शार्लट १० वर्षांची होती. तिच्या आणि एमिलीच्या प्रसिद्ध कादंबऱ्या आल्या १८४७ साली, म्हणजे त्यानंतर २१ वर्षांनी. त्या सैनिकांना कोणी ‘नक्कल’ म्हणून कपाटात टाकलं नाही, हे चांगलं झालं. तुमच्या मुलाला तुम्ही एकदा विचारा, की त्या गेममधल्या पात्राचं घर कसं असेल, ते लढत नसताना काय करत असेल. तो तुम्हाला तासभर सांगेल. लिहायला सांगू नका. ऐका.

आणि तुम्ही स्वतः लिहा. हे मी अगदी मनापासून सांगते. घरात फक्त मुलानेच लिहायचं आणि मोठ्यांनी तपासायचं, ही वाटणीच मुळात एकतर्फी आहे. जान्नी रोदारी या इटालियन बाललेखकाने १९७३ साली, मुलांबरोबर गोष्टी कशा रचायच्या, यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक खेळ मराठीत इतका छान जमतो, की तो आपल्या भाषेसाठीच केलेला वाटावा. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे. त्याचे शब्द होते कुत्रा आणि कपाट. मग त्यांना वेगवेगळे प्रत्यय लावत जायचं. कुत्र्याचं कपाट: म्हणजे त्यात काय काय असेल? कपाटातला कुत्रा: तो तिथे कधीपासून आहे, कोणाला माहीत आहे? कपाटावरचा कुत्रा, कपाटासाठी कुत्रा, कपाटामुळे कुत्रा. यातल्या एखाद्या जोडीत अचानक गोष्ट दिसते आणि मग सुटत नाही. दोघांनी दोन चिठ्ठ्यांवर एकेक शब्द लिहा, एकमेकांना न दाखवता. दहा मिनिटं दोघांनी लिहायचं आणि मग आधी तुम्ही वाचून दाखवायचं. तुमचं फसलेलं असेल, आणि पहिल्यांदा ते फसणारच. त्याने ते ऐकावं, त्यावर प्रश्न विचारावेत. घरात एकदा तरी मुलाने वडिलांचा कच्चा मसुदा ऐकलेला असावा. आपण वाचून दाखवताना कानाच्या पाळ्या कशा गरम होतात, हे तुम्हालाही त्या दिवशी कळेल.

पण हा खेळ माफीच्या दुसऱ्याच दिवशी सुरू करू नका. मध्ये थोडे दिवस जाऊ द्या. तो नको म्हणाला तर तुम्ही एकटेच लिहा.

एआयकडून सुधारणा करून घेण्याबद्दल. तुमचा हेतू मला समजतो. तुम्हाला स्वतःचा हात दूर ठेवायचा आहे. पण अडचण हात कोणाचा ही नव्हतीच. वाक्य बदललं गेलं, ही होती. ही साधनं अफाट मजकुरावरून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो याचे साचे शिकून तयार केलेली असतात. नीटनेटकं करून दे म्हटलं, की ती सहज मळलेल्या वाटेकडे वळतात आणि त्या वाटेवर पोकळी निर्माण झालेलीच असते. चष्म्याचं वाक्य तिथून यायची शक्यता फार कमी, कारण ते फक्त तुमच्या घरात घडलं. शब्दाचं शुद्ध रूप शोधायला मुलाने शब्दकोश वापरावा किंवा फोन, हरकत नाही. त्याचं अख्खं पान मात्र ‘सुधार’ म्हणून कशाच्याही हवाली करू नका. मोठ्या मुलांच्या पालकांसाठीही हेच सांगेन. मुलं हे तुम्हाला न विचारता करत असतील, तर बंदी घालण्याऐवजी दोन्ही पानं शेजारी ठेवून एकत्र वाचा. कोणतं वाक्य फक्त तुलाच लिहिता आलं असतं, एवढं विचारा. ते त्यांना बरोबर सापडतं.

कार्यशाळेचं उत्तर लहान आहे. आत्ता नको. नंतर त्याने मागितली तर जरूर, आणि तेव्हा शिकवणारा मुलांचं लेखन स्वतः दुरुस्त करतो की मुलांना एकमेकांचं वाचायला लावतो, एवढं एक आधी विचारून घ्या. दुसऱ्या प्रकारची मिळाली तर उत्तम.

तुमच्यासारख्याच आणखी काही जणांची पत्रं माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी इथेच थोडं. एका शिक्षिका विचारतात, की वर्गात गुण द्यावेच लागतात, मग हे सगळं कसं जमावं? गुणांचे निबंध ठेवा, पण एक वही अशी असू द्या जिला कधीच गुण नाहीत. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं, त्यात काहीही लिहायचं. मुलांनी दुमडलेलं पान तुम्ही वाचायचं नाही आणि हा शब्द मोडायचा नाही. एका आईची मुलगी गोष्टी सांगते खूप, पण लिहायचं नाव काढलं की पळते. तिला लिहायला लावू नका. ती सांगेल ते तुम्ही तिच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता उतरवून घ्या आणि तिला वाचून दाखवा. हाताचा वेग आणि मनाचा वेग जुळत नसतो म्हणून बरीच मुलं लेखनापासून लांब राहतात. आणि एका बाबांना काळजी आहे, की मुलगी फक्त मरणाच्या, भुतांच्या, अंधाराच्याच गोष्टी लिहिते. या वयात अंधार लिहून पाहणं अगदी नेहमीचं आहे, त्यावरून घाबरून वही तपासायला लागू नका. पण लेखनात ‘मला जगायचं नाही’, ‘मी स्वतःला इजा करेन’ असं काही आलं किंवा वागण्यात बदल दिसला, झोप, अभ्यास, मित्रमैत्रिणी तुटायला लागल्या, तर ती गोष्टच असेल असं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, सरळ शब्दांत आणि प्रेमाने तिच्याशी बोला आणि समुपदेशकाची मदत घ्या.

परत तुमच्याकडे येते. “त्याच्यात गुण आहे, तो वाया जाईल,” असं तुम्ही दोनदा लिहिलं आहे. १३ व्या वर्षी पाच महिने न लिहिण्याने काही वाया जात नाही. तो पाहायचा थांबलेला नाही, असं मी खात्रीने म्हणू शकते. टाळ्या कोणत्या वाक्याला पडल्या ते त्याने मंचावर उभं असताना बरोबर टिपलं. लिहिणाऱ्याचं निम्मं काम तेच असतं. तो कदाचित पुढे लेखक होणार नाही. कदाचित गाडी दुरुस्त करेल, हिशेब बघेल, शाळेत शिकवेल आणि रात्री कधीतरी वहीत चार ओळी लिहील. तेही पुरेसं आहे. तो लेखक व्हावा ही इच्छा तुमची असेल तर ती मनात ठेवा, त्याच्या वहीत ठेवू नका.

राहिला महिनाअखेरीचा प्रश्न. त्याचं नाव देऊ नका. ती जाहिरात कापून त्याच्या टेबलावर सहज ठेवल्यासारखी ठेवूही नका. अशी सहज ठेवलेली कागदं मुलं लांबून ओळखतात. स्पर्धा आहे हे त्याला माहीत असणारच. त्याने आपण होऊन विचारलं, तर फॉर्म द्या आणि शेवटची तारीख सांगा. पाठवण्याआधी वाचायला दिलं तर वाचा, नाही दिलं तर नाही. टाईप तो स्वतः करेल.